गाडी उचलायची, पण कुठं आणि कशावर?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव दारव्ह्यापासून 18 किलोमीटर आत आहे. घरी बाबांची स्प्लेंडर आणि माझी पल्सर एनएस 200. चेन साफ करणं, चाक काढणं, ब्रेक पॅड बदलणं ही कामं मी आता घरीच करतो. पावसाळ्यात पांदण तुडवून आलं की चेन चार दिवसांत चिखलानं भरते. माझ्या गाडीला मेन स्टँड नाही. मोबाइलवर तीन प्रकार पाहिले : दांडा दाबून एक चाक उचलणारा पॅडॉक स्टँड, इंजिनाखाली लावायचा सिझर जॅक आणि अख्खी गाडी वर घेणारा हायड्रॉलिक टेबल. अंगण शेणानं सारवलेलं आहे. काय घेऊ?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, अंगणाचं तुम्ही आठवणीनं लिहिलं ते फार बरं केलं. मी तिथूनच सुरू करतो. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाऊस लागला की लोण्यासारखी होते. वरून कितीही छान सारवा, खाली तीच माती.

2009 च्या श्रावणात मी पुलगावचं गॅरेज बंद ठेवून बहिणीच्या गावी गेलो होतो. दोन दिवसांची उघडीप होती. भाच्यानं त्याची गाडी अंगणात मेन स्टँडवर घेतली आणि मागचं चाक काढलं. मी ओसरीत चहा घेत होतो. त्यानं एक्सलचा नट सोडवायला पाना जोरानं दाबला होता, तेव्हाच स्टँडचा डावा पाय दोन बोटं मातीत गेला होता. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. चाक निघालं आणि गाडी हळूच डावीकडे कलली. पोरानं ती हातानं धरायला पाहिली. मनगटाचं हाड मोडलं, सोयाबीनच्या फवारणीच्या ऐन दिवसांत दीड महिना हात गळ्यात होता. स्टँडमध्ये काहीच खोट नव्हती. मी तिथं असून जमीन पाहिली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून तुमचे पहिले पैसे जमिनीवर घाला. गोठ्याच्या बाजूला टिनाखाली जागा असेल तर माती एक फूट काढून मुरूम भरा, पाणी मारून चांगला ठोका आणि वर 4 इंच काँक्रीट टाका. माप 9 बाय 5 फूट ठेवा. गाडीची लांबी साधारण 2 मीटर, म्हणजे साडेसहा फूट असते आणि पॅडॉक स्टँडचा दांडा तिच्याही मागे येतो. लोक 6 फुटांचा ओटा करतात, मग स्टँडची चाकं नेमकी कडेवर येतात. यंदा तेवढं जमत नसेल तर जुन्या दाराची जाड, सपाट फळी घ्या. मात्र गाडीची दोन्ही चाकं आणि स्टँड एकाच पातळीवर राहायला हवेत.

आता तुमचे तीन प्रकार. हायड्रॉलिक टेबल सोडून द्या, ते रोज दहा गाड्या येणाऱ्या गॅरेजचं काम आहे. सिझर जॅक चांगली वस्तू आहे, पण ज्या गाडीच्या इंजिनाखालून फ्रेमचे पाइप जातात तिच्यासाठी. तुमच्या एनएसला सायलेन्सरचा डबाच इंजिनाखाली आहे. जॅक त्याला लागला तर पत्रा चेपेल. इतर गाड्यांतही जॅक चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाला, लावू नका. तो भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि ऑइल सोडायचा बोल्ट तिथंच असतो. त्याचे आटे गेले की खर्च स्टँडपेक्षा मोठा.

तेव्हा तुम्ही मागचा पॅडॉक स्टँड घ्या. घेण्याआधी गाडीपाशी बसून मागचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, नीट बघा. एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आट्यांचं भोक असेल तर बॉबिन, म्हणजे स्टँडचे आकडे ज्यांत अडकतात त्या छोट्या गुंड्या, लावता येतात. ते 6, 8 आणि 10 मिलिमीटरच्या आट्यांत मिळतात. बॉबिन हातानं चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे, पान्यानं दामटू नका. भोक नसेल तर एल आकाराच्या रबरी कपांचा स्टँड घ्या. कप ब्रेकच्या पाइपवर किंवा चेन ॲडजस्टरवर टेकत नाहीत ना, हे पाहा आणि दोन्ही कप मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर लावा. दुकानात स्टँड उलटा करून वेल्डिंगची शिवण बघा. ती सलग हवी, ठिपक्याठिपक्यांची नको.

पहिले चार-पाच वेळा गाडी उचलताना दुसरा माणूस सोबत घ्या. त्यानं हँडल धरायचं, तुम्ही मागून गाडी सरळ करून दांडा दाबायचा. साइड स्टँड खालीच असू द्या. मागचं चाक उचललं की गाडीला धरून ठेवणारं पुढचंच चाक उरतं, म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुढच्या ब्रेकचा लिव्हर आवळून बांधा. पुढचा स्टँड लागलाच तर नंतर घ्या. तोही मागचा लावल्यावरच लावायचा.

आणि हात जोडून सांगतो, गाडी चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावू नका. माझ्याकडे असं बोट तुटलेली दोन पोरं आली आहेत. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं.

बाबांच्या स्प्लेंडरला काही विकत घ्यायची गरज नाही. फक्त तिच्या मेन स्टँडचे पाय बघा. वर्षानुवर्षं घासून ते झिजतात, मग मागचं चाक जमिनीला टेकू लागतं. वेल्डरकडून दोन्ही पायांना सारख्या जाडीचा तुकडा लावून घ्या, बुश आणि स्प्रिंगही तपासून घ्या.

प्रश्न : दादा, मी आशा सेविका आहे. माझी स्कूटर मेन स्टँडवर घेताना कंबर भरून येते. काही उपाय?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ताई, गाडी हातांनी मागे ओढू नका. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले का ते पायानं चाचपा, मग उजव्या पायावर सगळं वजन देऊन सरळ उभ्या राहा. हातांनी फक्त तोल सांभाळायचा. स्टँडच्या पिनला ग्रीस लावून घ्या, सुकलेली पिन फार जड जाते. तरीही त्रास झाला तर एक इंच जाडीचा फळीचा तुकडा मागच्या चाकाखाली सरकवा आणि चाक त्यावर चढवून मग स्टँड दाबा. गाडी तेवढी आधीच वर आलेली असते, निम्मा जोर पुरतो.