देवाच्या हातात खडू असतो काय?

"मॅडम, देवाचं प्रेम माझ्यात आहे म्हणतो मी, मग घरात पाऊल टाकलं की असा का वागतो?" समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडं इतक्यांदा आलाय की आता पहिल्या दोन वाक्यातच ओळखू येतो. कुणी म्हणतं रविवारी चर्चमध्ये डोळे भरून येतात आणि सोमवारी सासूवर ओरडते, कुणाला वाटतं आपली प्रार्थनाच कमी पडत असणार. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

हे गृहस्थ पन्नाशीचे, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला. चर्चच्या मंडळीत पंच. दारातूनच "सलाम मॅडम" म्हणाले आणि खुर्चीच्या कडेला बसले, सगळं अंग उठायच्या तयारीत. इंजिनीअरिंगला असलेली मुलगी तीन महिने धड बोलत नव्हती, बायकोनं पाठवलं म्हणून आले होते.

"काय काम असतं तुमचं?"

"कास्टिंग तपासायचं. क्रॅक, ब्लो होल. दिसलं की खडूनं फुली मारायची, पीस बाजूला."

"आणि घरी?"

हसले जरा. "घरी पण तेच की ओ. डोळा तसाच झालाय."

पहिले चार-पाच सेशन मुलीबद्दलच्या तक्रारीच ऐकल्या, त्या इथं सांगत बसत नाही. पण एकदा सहज विचारलं, रात्री प्रार्थनेत काय म्हणता? तर म्हणाले, दिवसभराच्या चुका एकेक करून सांगतो. अर्धा तास. मग उद्या प्रेमानं वागीन असं वचन देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उशीर झाला की ते मोडतं.

मी म्हटलं, "देव तुमच्याकडं बघतो तेव्हा त्याच्या हातात खडू असतो काय?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "असतोच की."

मला वाटतं माझ्या इतक्या वर्षांच्या कामातला हा एक प्रश्न तरी बरा जमला. कारण गाठ मुलीपाशी नव्हतीच, वर होती. आपला देव जसा वाटतो तसेच आपण घरच्यांशी वागतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. कोल्हापुरात मिशनरी १८५२ साली आले, इथं काही घरांत चौथी-पाचवी पिढी चर्चला जाते, आणि एवढ्या पिढ्यांत नियम बरोबर पोचतात, प्रेम मात्र कुठंतरी सांडतं. बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात म्हटलंय की त्यानं पहिल्यांदा प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो. आपण मात्र आधी करून दाखवायला बघतो आणि मिळायची वाट नंतर बघतो, मग जीव थकतो आणि तो राग घरच्यांवर निघतो.

पुढच्या वेळी विचारलं, कुणी कधी तुम्हाला फुली न मारता घेतलंय का? नाही म्हणाले. मग जायला उठले आणि परत बसले. दहावीला नापास झाले होते, मार्कशीट गादीखाली लपवली होती. वडील शाळामास्तर, कडक. त्यांना ती सापडली. ते काही बोलले नाहीत, सायकलवर बसवून मिसळ खायला नेलं, वर कट मागून घेतला, आणि एवढंच म्हणाले, "तिखट लागत असेल तर दही घे."

"डोळ्यात पाणी आलं ते तिखटानं आलं म्हणून सांगितलं मी त्यांना," असं म्हणून तिथं बसून हा माणूस पोरासारखा रडला. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसणं मोठं काम असतं, नवशिक्यांना ते जमत नाही.

मी ज्यांना मानते ते मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आधी धर्मशिक्षण घ्यायला न्यूयॉर्कच्या सेमिनरीत गेले होते, मग मानसशास्त्राकडं वळले. त्यांचं म्हणणं, माणूस आहे तसा स्वीकारला गेला की मग बदलायला लागतो. मला त्यात आणि शुभवर्तमानात फार अंतर दिसत नाही, कुणाला पटो न पटो.

या गृहस्थांना दोनच गोष्टी सांगितल्या. रात्री चुकांची यादी आधी नको, आज काय मिळालं ते आधी. आणि करिंथच्या पत्रातलं "अपकार स्मरत नाही" हे वाक्य, तिथला मूळ ग्रीक शब्द हिशेबाचा आहे, वहीत नोंद करण्याचा. म्हणजे प्रीती रिजेक्शन रजिस्टर ठेवत नाही. हे ऐकून ते जोरात हसले, त्यांच्या भाषेतलं होतं ना.

एक मात्र स्पष्ट बोलते. याचा अर्थ चूक दाखवायचीच नाही असा नव्हे, आणि घरात मारहाण होत असेल तर प्रेमानं सहन करा असा तर अजिबात नव्हे, तिथं आधी स्वतःला वाचवायचं, पाळक साहेब काहीही म्हणोत.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. मुलीची स्कूटी कावळा नाक्याजवळ घसरली होती.

"आधी लागलं काय विचारलं मॅडम, गाडीकडं नंतर बघितलं."

"अरे वा. आणि गाडीचं?"

"ते रात्री बोललो की जरा."