स्वालबार्ड: मार्च की जुलै, लेन्स कोणती आणि ड्रोनचं काय?

स्वालबार्ड, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं. तिथे फोटो काढायला जाणाऱ्यांना पडणाऱ्या प्रश्नांपैकी ड्रोनचं आधी उरकतो: घरीच ठेवा. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन, त्याच्या विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत तो उडवता येत नाही आणि २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांतही बंदी आहे. उरलेल्या जागेसाठी एवढं ओझं कोण नेणार?

आता ६०० मिमीची लेन्स भाड्याने घ्यावी का, हा प्रश्न. १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं; १ मार्च ते ३० जून हेच अंतर ५०० मीटर. जरा हिशेब करा. अस्वल अडीच मीटर लांबीचं धरलं, तर ५०० मीटरवरून फुलफ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात ६०० मिमीनेही ते चौकटीच्या रुंदीचा जेमतेम बारावा भाग व्यापतं. म्हणजे डोळ्यांत चमक वगैरे दिसणारा क्लोजअप विसरा. माझ्या मते हे बरंच झालं. हिमनदीची निळसर भिंत, पुढे तुटका बर्फ आणि त्यात एवढंसं अस्वल, हा तिथला खरा फोटो. त्यामुळे १००-४०० झूम आणि एक २४-७० पुरे. रेनडियर तर गावाच्या आसपासच चरताना दिसतात.

महिना मात्र अस्वलाकडे बघून नाही, उजेडाकडे बघून ठरवा. ७८ अंश उत्तरेला भर उन्हाळ्यातही सूर्य ३५ अंशांच्या आसपासच चढतो. जुलैत तो मावळतच नाही. सगळ्यात सुंदर तिरपं ऊन रात्री अकरा ते तीनमध्ये पडतं, म्हणून दुपारी खुशाल झोपा. तेव्हाची भटकंती बोटीवर, आणि तिथे ट्रायपॉडचा उपयोग नाही, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात येते. हातातच धरा आणि शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा. मार्चमध्ये निळा-गुलाबी उजेड तासन्‌तास टिकतो. लाँगइयरब्येन गावात तर डोंगरांमुळे ऊन पोहोचतंच ८ मार्चच्या सुमारास. पण उणे १५-२० तापमान आणि त्यात वारा, शिवाय भटकंती स्नोमोबाइलवर. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं. बर्फ राखाडी येत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. पहिल्यांदाच जाताय, तर मी जुलै म्हणेन.

वस्तीबाहेर एकटं भटकायचं नाही, बंदूकधारी गाइड हवाच. १९४६ पूर्वीच्या मानवी खुणांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे जुना गंजका खिळासुद्धा फ्रेमसाठी हलवू नका. नी-ऑलेसुंडला (आपलं हिमाद्री संशोधन केंद्र तिथेच आहे) बोट थांबली, तर कॅमेऱ्याचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोजमापात त्याचा अडथळा येतो.

आणि व्हिसा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही. ऑस्लोहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडता, परतताना पुन्हा आत येता. त्यामुळे अर्जातच दोन प्रवेशांचा व्हिसा मागा.