आधी काठ मोज

प्रिय,

तुझं पत्र लांबलचक आहे आणि त्यात चार ठिकाणी एकच प्रश्न आहे: सर, तलावाची किंमत रुपयांत काढावी की नाही? खरं तर ती काढून झालीय. आता सही करायला हात धजत नाही, म्हणून मी आठवलो.

सोबत पाठवलेला आराखडा पाहिला. 'खोलीकरण व सौंदर्यीकरण'. तळ सगळीकडे एकसारखा खोल, चारही बाजूंनी दगडी पिचिंग, वर पेव्हर ब्लॉक, मधोमध कारंजं. आणि शेवटच्या पानावर परिसंस्था सेवांचा, म्हणजे तलाव आपल्यासाठी जी कामं करतो त्यांचा, तुझा तक्ता. भूजल पुनर्भरण, मासेमारी, पर्यटन. बेरीज नेटकी आहे. पण काठ कुठे आहे? क्षेत्रफळ धरलंस ते पूर्ण भरल्या पातळीचं. भंडारा-गोंदियाकडचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बाराही महिने काठोकाठ असतो का गं? कोजागिरीनंतर पाणी उतरायला लागतं आणि तलावाचं निम्मं काम तिथून पुढे सुरू होतं.

तुला हे शिकवावं लागू नये, तरी सांगतो. पावसाळ्यात पाणी गवतावर चढतं. मरळ आणि शिंगी हे मासे अंडी घालतात ती तिथल्या उथळ पाण्यात, आणि पिल्लांना लपायला तेच गवत. शिवारातून वाहून आलेली माती आणि खत तिथल्या मुळांशी अडतं. त्यातलं बरंचसं नत्र चिखलातले जिवाणू परत हवेत सोडतात. पाणी मागे सरलं की ओल्या पट्ट्यावर तुतारी, शेकाटे असे पाणपक्षी येतात. देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतो तोही तिथेच. सारस माणसाएवढा उंच पक्षी, पण त्याला लागतं गुडघाभर पाणी. उन्हाळ्यात गुरं चरतात, कुणी गाळपेर करतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतो. यातलं काय त्या कारंज्यापाशी होणार आहे? पिचिंग केलेला तलाव म्हणजे मोठा हौद. हौदात पाणी राहतं, एवढंच.

गाळ काढूच नये असं मी म्हणत नाही. लोक मला तसं म्हणायला लावतात आणि मग भांडतात. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव दोन-तीनशे वर्षं टिकले, ते लोक गाळ उपसत होते म्हणूनच. पाळीजवळचा काढ, मधला काढ. बेशरमाची झुडपं मुळासकट उपटून टाक. पण येव्याच्या, म्हणजे पाणी आत येतं त्या बाजूचा उथळ उतार जेसीबीला दाखवूसुद्धा नकोस. नांदूरमध्यमेश्वर आठव. इंग्रजी अमदानीत गोदावरीवर बंधारा पडला, मागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली. सिंचनाच्या हिशेबात तो बिघडलेला जलाशय. २०२० मध्ये तोच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. कशामुळे? उथळपणामुळे. काठामुळे.

कायद्यावर फार विसंबू नकोस. २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळली आहेत. पूर्व विदर्भातले हजारो मामा तलाव बांधले होते कशासाठी? धानाला पाणी द्यायला. झालं. बाकी काय जगतं त्यांच्यावर, हे विचारायची सोयच राहत नाही.

आता रुपयांचं. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या पृथ्वीच्या सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली होती. तेव्हाच्या जगाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा जास्त. गाजली फार. तिने कुठलं तळं वाचलं, मला कुणी सांगितलेलं नाही. याउलट पूर्व कोलकात्यात ध्रुवज्योती घोष हा सरकारी अभियंता शहराचं सांडपाणी जातं कुठे हे बघत नाल्याच्या कडेनं चालत गेला. ऊन, शेवाळ आणि उथळ तळी यांच्या जोरावर मासे पिकवणारे लोक तिथे आधीपासून होतेच. त्याने त्यांचं काम समजून घेतलं, नकाशावर आणलं आणि ते जपण्यासाठी भांडत राहिला. २००२ मध्ये तिथल्या १२,५०० हेक्टरला रामसर दर्जा मिळाला. हिशेब त्यानेही मांडला, पण आधी काठावर गेला. क्रम लक्षात घे.

माझ्यावर आरोप आहे, तुझ्याही कानावर आला असेल. एका समितीत मी असाच तक्ता भरायला नकार दिला आणि रकाना कोरा सोडला. पुढे फाईलमध्ये कोऱ्याचं शून्य झालं, पिचिंग झालं, मासेमार ढिवरांची जाळी रिकामी येऊ लागली. 'आकडा लिहिला असता तर तलाव वाचला असता,' असं लोक अजून म्हणतात. नसता वाचला! ज्या तक्त्यात काठाला रकानाच नाही त्यात मी कितीही मोठा आकडा घातला असता, तरी ठेकेदाराने त्याहून मोठा घातला असता. त्या काठाची खंत मला आहे, रोज आहे. कोऱ्या रकान्याची नाही. हट्टी म्हण हवं तर. हट्ट केला नसता तर तू आज मला पत्र लिहिलं नसतंस, कुणा सल्लागार कंपनीला लिहिलं असतंस.

नोकरी सोडू का, असंही विचारलंस. अजिबात नको. तुझ्या जागी येणारा माणूस तलाव न बघताच सही करेल. तक्ता मागे घे आणि नव्याने मांड. पाणी पूर्ण भरलेलं, दिवाळीतलं, होळीतलं आणि मेअखेरचं, अशा चार रेषा नकाशावर काढ. त्या रेषांमध्ये जो पट्टा येतो तो काठ. त्यावर कोण काय करतं ते लिही: मासे, पक्षी, गुरं, माणसं. रुपये त्यानंतर, आणि जिथे ते खरोखर निघतात तिथेच. ढिवर सोसायटीकडे मासळीच्या विक्रीची वही असेल, तिथपासून सुरुवात कर. सारसाचे रुपये काढायला बसू नकोस.

आणि हो, निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या हक्कांची सरकारी नोंद. परिसंस्था सेवांचे चार वर्ग २००५ च्या जागतिक अहवालाने पाडले. ते तुला पाठ आहेत. पण त्या तलावावर गावाचे चराईचे, पाण्याचे, मासळीचे हक्क काय, याची नोंद महसुली दप्तरात त्याच्या कितीतरी आधीपासून असते. ती तू पाहिलेली नाहीस, तुझ्या तक्त्यावरूनच कळतं. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद), दोन्हींची नक्कल माग. अर्ज लेखी दे आणि पोच घे. 'सापडत नाही' म्हणाले तर तेही लेखी माग. ढिवरांच्या म्हाताऱ्या बायकांना विचारल्याशिवाय त्या नोंदी वाचायला बसू नकोस. कुठला घाट कुणाचा हे त्यांना माहीत असतं. ठेकेदाराची मशिनं मार्चमध्ये येणार असं तू लिहिलंयस, तेव्हा उद्याच निघ.

तुझा,
सर