इंग्लंडमधील श्रूजबरी शहरातील ॲबट्स हाऊस या जुन्या दुकान-इमारतीचे वरचे मजले रस्त्यावर पुढे का आले आहेत? जागेवरील कर वाचवण्यासाठी का?

कर किंवा जागेची टंचाई हे कारण नेहमी सांगितले जाते. परंतु इंग्लंडच्या मोकळ्या ग्रामीण भागातील जुन्या लाकडी घरांचे मजलेही असेच पुढे आलेले दिसतात, त्यामुळे तेवढ्यावर माझे समाधान होत नाही. जागा थोडी वाढत असे, हे खरे. मात्र मुख्य कारण मला सुतारकामात दिसते.

श्रॉपशायर परगण्यातील ही इमारत इ.स. १४५७-५८च्या सुमारास तोडलेल्या ओकच्या लाकडाची आहे, हे लाकडातील वार्षिक वलयांवरून ठरवता आले. मजल्याच्या कड्या, म्हणजे मजला तोलणारी आडवी लाकडे, खालच्या भिंतीवर थांबत नाहीत, तर पुढे निघतात आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी राहते. त्या भिंतीचा भार टोके खाली दाबतो, त्यामुळे कड्यांचा मधला भाग वाकण्याचे प्रमाण कमी होते. शिवाय प्रत्येक मजल्याचे खांब स्वतंत्र असल्याने पूर्ण उंचीचे अखंड लाकूड शोधावे लागत नाही. इमारत बुचर रो या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. अशा कोपऱ्यावर मजला दोन्ही रस्त्यांकडे पुढे काढायचा असेल, तर कोपऱ्याच्या खांबावर एक तिरपी तुळई टाकून दोन्ही दिशांच्या कड्या तिच्यात बसवाव्या लागतात. माझ्या मते सुताराच्या कौशल्याची खरी परीक्षा तिथेच होते.

तरीही आपण तिथे गेलात, तर आधी तळमजला पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नावावरून हे मठाधिपतीचे निवासस्थान वाटते; परंतु लिलेशॉल मठाशी संबंध असलेल्या या वास्तूच्या तळमजल्यावर दुकानांचे मध्ययुगीन गाळे अजून ओळखता येतात, आणि असे उदाहरण फार दुर्मीळ आहे, कारण दुकानाचा दर्शनी भाग प्रत्येक पिढी बदलत असते. त्या काळच्या दुकानांच्या रुंद खिडक्यांना काच नसे. खालची फळी बाहेर पाडली की तिच्यावरच माल मांडला जाई, आणि माथ्यावरचा पुढे आलेला मजला माल व गिऱ्हाईक यांना पावसापासून आडोसा देई.

अशा इमारतींच्या वाकडेपणाचा दोषही बांधणाऱ्यांना देऊ नये. ओक वाळल्यावर कापायला फार कठीण होतो, म्हणून तो ओला असतानाच घडवून लाकडी खुंट्यांनी जोडत. पुढे वाळताना तो आकसतो आणि पिळवटतो, पण सांधे सहसा सुटत नाहीत.