सिकलसेलचे रिपोर्ट अडकलेत? आधी पोच घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला घेतलं. तुमचा ग्रामसंघ आणि गावातली तरुण पोरं मिळून आपल्या भागातली दवाखाने, योजना सगळं समजून घेताय, पहिलंच काम म्हणून सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून पोरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करवून घेतली आणि आता पुढचे रिपोर्ट विचारले की तालुका म्हणतो जिल्ह्याला विचारा, जिल्हा म्हणतो तालुक्याला. आमच्याकडे अगदी हेच झालंय, आम्ही शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी.

उपकेंद्र, आशाताई, सीएचओ (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी) हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही. आणि मी डॉक्टर नाही, आमच्या तालुक्यात जे बघितलं तेवढंच सांगते, तुमच्याकडे माणसं चांगली असतील तर उत्तमच.

गावात जी पहिली टेस्ट होते ना, सोल्युबिलिटी, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे एएस, की आजारी आहे, म्हणजे एसएस, हे त्यात कळतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते आणि ती वर लॅबला होते. म्हणजे खरी माहिती त्या दुसऱ्या कागदात असते आणि नेमका तोच कागद अडकतो.

आमची तपासणी होळीच्या आधी झाली. मुद्दाम तेव्हा घेतली, कारण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लग्नं लागतात, त्याआधी पोरापोरींना आपलं काय ते कळावं. रिपोर्ट काही येईनात. ऑफिसात (नाव घेत नाही) गेलं की एकच उत्तर, वर पाठवलंय. कधी पाठवलं, कोणाकडे पाठवलं, आवक-जावक नंबर काय, तर साहेब मीटिंगला गेलेत. आमच्या अर्जावर शिक्का मारून द्या म्हटलं तर म्हणे ठेवून जा, शिक्का नंतर मारतो. एक म्हातारी आमच्यासोबत यायची, तिच्या नातवाचे हातपाय सुजायचे, ती टेबलासमोर उभी राहून म्हणायची, "मना नातूले काय व्हयनं ते तरी सांगा." तिला बस म्हणून कोणी खुर्चीसुद्धा दिली नाही. पाऊस सुरू झाला, कापसाची लागवड झाली आणि मग तो गठ्ठा त्याच ऑफिसच्या कपाटावर सापडला, सुतळी बांधलेला, वर धूळ, आतल्या कागदांवर आखाजीच्या आधीच्या तारखा. तोवर आमच्या पाड्यातलं एक लग्न लागून गेलं होतं आणि नवराबायको दोघंही वाहक निघाले. दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. लग्न करायचं की नाही हा त्यांचा प्रश्न होता हो, पण माहिती असून करणं वेगळं आणि कपाटावर कागद पडलाय म्हणून न कळणं वेगळं. मला अजून संताप येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, शिबिराचे फोटो, बॅनर, पाहुणे हे सगळं नंतर. नमुने ज्या दिवशी गावातून निघतात त्याच दिवशी किती गेले, कोणत्या लॅबला, कोणी नेले याची यादी दोन प्रतीत करा आणि एका प्रतीवर सहीशिक्का घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. तरी हलले नाहीत तर माहिती अधिकार टाका, 10 रुपये फी, उत्तर द्यायला 30 दिवस. त्यात कोणाचे निकाल मागू नका, फक्त नमुने कधी गेले आणि रिपोर्ट कधी आले एवढंच विचारा. आमच्याकडे अर्ज गेला आणि गठ्ठा सापडला, एवढं सांगते.

आणि हे फार महत्त्वाचं, निकाल ज्याचा त्याच्याच हातात द्या. ग्रामसभेत वाचायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. वाहक माणूस सहसा आयुष्यभर ठणठणीत राहतो, पण एकदा नाव फुटलं की पोरीचं लग्न अडतं, पोराला कोणी काही म्हणत नाही.

एसएस निघाला तर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, स्वतः मेडिकलमधून आणून सुरू करू नका. सरकारी रक्तपेढीत अशा पेशंटला रक्त मोफत मिळतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हे आमच्याकडे कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

विषय निघालाच आहे तर, 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत, पण धुळ्याचं मेडिकल कॉलेज वेगळ्या खात्याचं, तिथे जायच्या आधी विचारून घ्या. आणि गटाला पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, बघायला न्याल तेव्हा सर्पदंशाच्या लसीचा साठा दाखवा म्हणा. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचं औषध आहे का तेही विचारा, आपल्याकडे कापसाच्या शेतात दोन्ही लागतं. हे रजिस्टरवर नाही, फ्रिज आणि कपाट उघडून बघायचं.

आमच्या अर्जाचा मजकूर माझ्याकडे आहे, हवा असेल तर सांगा, इथेच टाकते. तुमच्या यादीत लॅबचं नाव लिहिलंय का तेवढं आधी बघा, नसेल तर उद्याच उपकेंद्रातल्या सिस्टरकडून लिहून घ्या.