पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं. आता टाका घ्यावा की नुसता आराम पुरेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, आता तिसरा महिना आहे, डॉक्टर पिशवीच्या तोंडाला टाका सांगतात आणि सासूबाई म्हणतात पडून राहा. आर्णी तालुक्यातल्या आमच्या घरात चार वर्षांपूर्वी हेच चाललं होतं.

माझंही पहिलं असंच गेलं. कळ नाही, काही नाही. दोन दिवस ओटीपोट जड आणि पांढरं जास्त, एवढंच. मला वाटलं, कापूस वेचून कंबर धरली. दवाखान्यात पोचले तोवर तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी हंड्याला दोष दिला, मी वावराला. दोघी चुकलो; तोंडच कमजोर असलं की ते गुपचूप उघडतं.

दुसऱ्या वेळी घरच्यांनी पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या. पण नुसतं पडून राहिल्याने बाळंतपण लांबतं असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. मला १३व्या आठवड्यात यवतमाळला टाका घातला, कमरेखाली बधिर करून. ही शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. शिरोडकरांनी १९५५ साली मांडली, हे ऐकल्यावर कुठे सासरे तयार झाले! (मला घातला तो मॅकडोनाल्ड नावाच्या डॉक्टरांच्या पद्धतीचा, जरा सोपा. ते मी त्यांना सांगितलं नाही.)

एकदाच बाळ गेलं असेल तर काही डॉक्टर थांबतात. १६ ते २४ आठवड्यांत दर पंधरा दिवसांनी तोंडाची लांबी मोजतात; २५ मिलिमीटरखाली गेली की टाका. काहींना प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या योनीमार्गात ठेवायला देतात. तेही बरोबरच आहे. फक्त सोनोग्राफी आतून हवी, पोटावरून नीट माप येत नाही.

आणि टाका काढायची तारीख आजच लिहून घ्या. ३६-३७ आठवड्यांत काढतात. आधीच कळा, पाणी, रक्त किंवा ताप आला तर थेट १०८; टाका तसाच राहून कळा चालू राहिल्या तर तोंड फाटू शकतं. मी फायलीवर लाल पेनाने ‘टाका आहे’ लिहून ठेवलं होतं, आशाताईंच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो.

टाका निघाला की त्याच दिवशी बाळंत होईन म्हणून आईने डिंकाचे लाडू बांधून ठेवले होते. लेक आली बारा दिवसांनी, तोवर निम्मे लाडू मीच संपवले होते.