गोषवाऱ्यातला कान

एका डिझायनरने विचारलं आहे: 'आमच्याकडे तीन वर्षांचे वापरकर्त्यांच्या मुलाखतींचे आणि चाचण्यांचे अहवाल पडून आहेत. नवा अभ्यास न करता त्यांतलेच निष्कर्ष एकत्र आणून अ‍ॅप सुधारायचं आहे. या कामाला संकलन म्हणू की विश्लेषण?'

दोन्ही नको. विश्लेषण म्हणजे सुटं करणं, आणि तुम्हाला तर जोडायचं आहे. 'संकलन' या अर्थाने ऐकलं की माझं डोकं उठतं, आणि हल्ली ते रोज ऐकू येतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) संकलित म्हणजे बेरीज, व्यवकलित म्हणजे वजाबाकी. पाच अहवालांची बेरीज केली की फाइल जाड होते, एवढंच. परिभाषेत 'संश्लेषण' आहे, बरोबरही आहे, पण तो शब्द कागदावरच राहतो, बोलताना कोणाच्या तोंडी येत नाही.

आपल्या दप्तरांत मुरलेला शब्द आहे गोषवारा. फारसीत 'गोश' म्हणजे कान. ससा 'खरगोश' झाला तो गाढवासारख्या कानांमुळे. 'गोशवारा' म्हणजे कानातलं डूल! तोच शब्द पुढे हिशेबाच्या सारांशाला लागला. डूलच का? माझं मत असं, की लांबलचक हिशेबाच्या कडेला टांगलेला हा छोटा ऐवज कानावाचून लोंबकळू शकत नाही. गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्यावरून मागे गेलं की मूळ नोंद सापडलीच पाहिजे. काही जण हा शब्द 'गोशा' म्हणजे कोपरा याच्याशी जोडतात. कोपऱ्यातला शब्द आपल्याकडे 'गोषा' म्हणून पडद्याच्या अर्थाने आला, तो वेगळा. कोपरा धरला तर पुढच्या 'वारा'चं काय करायचं, हे ती मंडळी सांगत नाहीत. भाषाशुद्धीवाल्यांचा 'सारांश'ही मला इथे मान्य नाही. सार काढलं की चोथा टाकून देतात. गोषवाऱ्यात मूळ टाकता येत नाही.

एका विम्याच्या अ‍ॅपचा मराठी मजकूर मी तपासत होते, तेव्हा असं 'संकलन' हाती आलं. पहिल्या अहवालात: लोक फॉर्म अर्धवट सोडतात. हेल्पलाइनच्या नोंदींत: 'मी भरलेलं सगळं कुठे गेलं?' चाचणीच्या टिपणांत एक आजोबा, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले आणि परत आले तर फॉर्म कोरा. तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या पानांवर, आणि शेवटी सूचना काय, तर फॉर्म लहान करा! शेजारीशेजारी ठेवली असती तर लगेच दिसलं असतं की फॉर्मच्या लांबीचा इथे संबंधच नाही, भरलेली माहिती टिकत नाही हे दुखणं आहे. मी तीन ओळींचा गोषवारा लिहिला आणि प्रत्येक ओळीपुढे समासात अहवालाचा आणि मुलाखतीचा क्रमांक टाकला. शंका आली की थेट आजोबांपर्यंत जाता येत होतं. फॉर्म होता तेवढाच राहिला, फक्त भरलेलं जपून ठेवायची सोय झाली.

आणि लिहिताना श नको, गोषवारा असाच ष लिहा. 'खूष', 'हुषार', 'पोषाख' असं पूर्वी सर्रास लिहीत. ते शब्द हळूहळू श कडे वळले, गोषवाऱ्याने आपला ष सोडलेला नाही.